शेतकऱ्याकडून थेट तांदूळ : हिशेब आणि जबाबदारी



नाकाडोंगरी परिसरात दोन प्रकारची घरे आहेत. काही घरांत धान पिकते. काही घरांत नोकरीचा पगार येतो आणि तांदूळ दुकानातून येतो. ही घरे एकमेकांना परकी नाहीत. मॅंगनीजच्या खाणीत, शाळेत किंवा बँकेत काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे काका, मामा, मोठे भाऊ आजही बांधीत उभे आहेत. तरीही मोठ्या भावाने तुमसरच्या बाजारात विकलेले धान गिरणीतून, ठोक व्यापाऱ्याकडून आणि दुकानातून फिरून लहान भावाच्या ताटात येते. विकताना भाऊ म्हणतो, भाव पडला. विकत घेताना आपण म्हणतो, भाव चढला. दोघांचेही खरे असते.

यावर सोपा उपाय पुष्कळांना सुचतो, तो म्हणजे शेतकऱ्याकडून थेट घ्यावे. मलाही तो सुचला होता. त्यात मी चुकलो, आणि ती चूक मला नाही तर दुसऱ्याला महाग पडली. म्हणून थेट खरेदी म्हणजे नेमके काय, तिचा हिशेब कसा मांडावा आणि ती कशामुळे टिकते, हे या लेखात समजावून सांगण्याचा प्रयत्न करीत आहे.

धानापासून तांदळापर्यंत

प्रथम हिशेब पाहू. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि 'अ' दर्जाच्या धानाला २,३८९ रुपये हमीभाव जाहीर केला. सरकारी भरडाईच्या नियमाप्रमाणे १०० किलो धानापासून ६७ किलो तांदूळ मिळावा लागतो. म्हणजे शेतकऱ्याला साधारण धानाचा हमीभाव पूर्ण मिळाला, तर नुसत्या धानाच्या किमतीनेच तांदूळ किलोला ३५ रुपये ३६ पैसे पडतो. गावच्या लहान गिरणीत तुकडा जास्त पडून ६० किलोच तांदूळ हाती आला, तर हाच आकडा ३९ रुपये ४८ पैसे होतो. त्यात भरडाई, पोते आणि गाडीभाडे मिळवावे लागते. कोंडा आणि कनकी यांची किंमत मात्र वजा होते. बारीक किंवा सुगंधी धान असेल तर मूळ भावच जास्त असतो.

यावरून पहिली गोष्ट लक्षात येते. थेट खरेदी म्हणजे स्वस्त खरेदी नव्हे. शेतकऱ्याच्या दारात जाऊन, "आता मध्ये कोणी नाही, तेव्हा भाव कमी करा" म्हणणे बरोबर नाही. मध्ये कोणी नसल्यामुळे जे वाचेल त्याचा मोठा वाटा पिकवणाऱ्याकडे जावा, हा या व्यवहाराचा हेतू आहे. आपल्याला त्याच किमतीत चांगला, ओळखीच्या बांधीचा आणि भेसळ नसलेला तांदूळ मिळतो, हा आपला लाभ.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. सरकारी खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. घरात वर्षभर ठेवायचे धान त्याहून कोरडे, १४ टक्क्यांच्या आत असलेले बरे. नुकतेच चुरलेले, २० टक्के ओलाव्याचे १०० किलो धान वाळवून १४ टक्क्यांवर आणले की ते ९३ किलोच भरते. सात किलो पाणी उडून जाते. हा फरक आधी बोलून घेतला नाही तर घेणाऱ्याला वाटते वजनात फसवले, आणि देणाऱ्याला वाटते आपल्यावर उगाच संशय घेतला.

मधला माणूस नेमके काय करतो?

आपल्याकडे दलाल हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. काही जण तशी वागणूक करतात, हेही खोटे नाही. परंतु व्यापारी पैसे कशाचे घेतो हे समजून घेणे अगत्याचे आहे. तो दहा घरचे धान गोळा करतो, वजन करतो, वाळवतो, भरडतो, साठवतो आणि वाहून नेतो. भाव पडला, पोत्याला पाणी लागले किंवा सोंडे पडले तर नुकसान सोसतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो शेतकऱ्याला रोख पैसे देतो, आणि ज्या दिवशी गरज आहे त्याच दिवशी देतो.

शेतकरी कापणी होताच धान का विकतो, हे बँकेच्या काउंटरवरून चांगले दिसते. रोवणीची मजुरी, खत आणि दुकानाची उधारी दिवाळीपर्यंत डोक्यावर असते. पुढे पीक कर्जाचा ३१ मार्च येतो. मुदतीत फेड केली तर ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीक कर्जावर व्याज पडत नाही. मुदत चुकली तर ही सवलत जाते. सरकारी खरेदी केंद्रावर हमीभाव मिळतो, पण तेथे नोंदणी, सातबारा, पाळीची वाट आणि पैसे खात्यात येईपर्यंतचे दिवस असतात. ज्याला आज पैसे हवेत तो थांबू शकत नाही. भाव पाडला जातो तो शेतकऱ्याच्या याच घाईमुळे.

माझा अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेतील आम्ही आठ जणांनी ठरवले, की यंदाचा तांदूळ माझ्या नात्यातील एका काकांकडून घ्यायचा. त्यांची शेती दोन एकर. बारा क्विंटल तांदूळ सांगितला. बोलणे तोंडीच झाले, आगाऊ रक्कम काहीच दिली नाही. काकांनी दारात आलेल्या व्यापाऱ्याला परत पाठवले, धान वाळवले, भरडून आणले.

तांदूळ तयार झाला तेव्हा तिघांनी माघार घेतली. एकाला तो दुकानातल्यासारखा पांढराशुभ्र वाटला नाही. दुसऱ्याच्या घरी ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्याला तोवर कुठेतरी दोन रुपयांनी स्वस्त मिळाला होता. साडेचार क्विंटल तांदूळ काकांच्या घरात पडून राहिला. मीही, पाहू, कोणी गिऱ्हाईक मिळेल, म्हणत दिवस काढले. मार्चमध्ये कर्जाची मुदत आली तेव्हा त्यांनी तो मिळेल त्या भावाने देऊन टाकला.

ते मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "व्यापारी भाव पाडते जी, पण माल उचलून तं नेते."

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. आम्ही व्यापाऱ्याला बाजूला केले होते, पण त्याचे काम कोणी अंगावर घेतले नव्हते. साठवण, थांबणे आणि नुकसान हे सगळे आम्ही नकळत काकांवरच टाकले होते. मधला माणूस काढून टाकता येतो, मधले काम काढून टाकता येत नाही. ते घेणाऱ्यांनी वाटून घेतले तरच थेट खरेदीला अर्थ आहे.

इतरांनी हे कसे केले?

आपल्या राज्यात मुंबई ग्राहक पंचायतीचे उदाहरण जुने आहे. १९७५ साली तिची स्थापना झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, मागणी आधी नोंदवायची, माल एका घरी उतरवून घ्यायचा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यायचा, अशी तिची पद्धत आहे. दुकानदाराचे काम सभासदांच्या हातांनी होते, म्हणून तो खर्च वाचतो.

पंजाबात १९८७ मध्ये 'अपनी मंडी' सुरू झाली. १९९९ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशात 'रयतु बाजार' आणि तमिळनाडूत 'उळवर संदै' निघाले. तेथे सरकारने जागा दिली आणि शेतकरी स्वतः भाजी विकू लागले. महाराष्ट्रातही शेतकऱ्यांचे आठवडी बाजार आणि धान्य महोत्सव भरतात. भाजी रोज विकली जाते, तिला असा बाजार सोयीचा आहे. तांदूळ वर्षातून एकदा पिकतो आणि वर्षभर खाल्ला जातो, म्हणून त्याला बाजारापेक्षा करार अधिक उपयोगी पडतो.

अशा कराराची रीत जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात रुजली. तेथे तिला 'तेइकेई' म्हणतात. तेथील सेंद्रिय शेती संघटनेने १९७८ मध्ये तिची दहा तत्त्वे मांडली. ठरल्याप्रमाणे पिकवलेला माल ग्राहकाने स्वीकारावा, भाव दोघांनी एकमेकांचा विचार करून ठरवावा आणि वाटप आपणच करावे, असा त्यांतील काही तत्त्वांचा आशय आहे. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास काही शेतांवर ग्राहकांनी हंगामाआधीच पैसे भरण्याची प्रथा सुरू झाली. पीक कमी आले तर ग्राहकाचा वाटाही कमी होतो. जोखीम दोघांची असते.

तांदळाला नाव असते

थेट खरेदीचा आणखी एक लाभ आहे. दुकानातल्या पोत्यावर कंपनीचे नाव असते, पिकवणाऱ्याचे नसते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (ता. नागभीड) येथील दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे उदाहरण विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. जेमतेम दीड एकर शेती असलेल्या या शेतकऱ्याला १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून वर्षानुवर्षे लावल्या आणि त्यातून एक बारीक, चवदार वाण तयार झाले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला 'एचएमटी' हे नाव पडले. कृषी विद्यापीठाने पुढे 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केले. लाखो घरांत एचएमटी शिजला, पण त्या विक्रीतले दादाजींच्या हाती काही आले नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते गरीबच होते.

आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला आता भौगोलिक मानांकन आहे, आणि शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरलाही आहे. चिन्नोर भारी धान आहे. उशिरा येते आणि उतारा कमी देते. घेणाऱ्याने मुद्दाम विचारून घेतले नाही, तर शेतकरी ते लावणे हळूहळू सोडून देईल. मग मानांकनाचा कागद तेवढा राहील.

आपण काय करावे?

ज्या घरात रोज दीड किलो तांदूळ शिजतो त्या घराला महिन्याला ४५ किलो, वर्षाला ५४० किलो तांदूळ लागतो. म्हणजे सुमारे ८ क्विंटल धान. अशी दहा घरे एकत्र आली तर ८० क्विंटल. एकरी १५ क्विंटल उतारा धरला, तर ते साडेपाच एकरांच्या आतले पीक होते. दोन-तीन लहान शेतकऱ्यांना एवढा आधार पुरेसा आहे. पुढील गोष्टी पाळल्या तर हे जमण्यासारखे आहे :

१. मागणी रोवणीच्या वेळी, जुलैमध्ये, वहीत लिहून सही करावी. वाण कोणते हेही तेव्हाच ठरवावे.

२. सही करताना निदान एक चतुर्थांश रक्कम आगाऊ द्यावी. शेतकऱ्याला मजुरीसाठी उधार काढावे लागणार नाही, आणि आपलाही शब्द पक्का राहील.

३. भाव ठरवताना त्या वर्षीचा हमीभाव ही खालची मर्यादा मानावी. त्याखाली बोलू नये.

४. ओलावा, वजनकाटा आणि पोत्याचे वजन यांविषयी आधी बोलावे. वजन दोघांसमोर करावे.

५. शक्यतो धान म्हणूनच साठवावे आणि दोन-तीन महिन्यांनी लागेल तेवढे भरडून आणावे. धान तांदळापेक्षा चांगले टिकते आणि जुन्याचा भात मोकळा होतो. साठवणीची जागा घेणाऱ्यांनी द्यावी.

६. उरलेली रक्कम माल उचलताना खात्यावर भरावी. एखाद्याने माघार घेतली तर त्याचा वाटा उरलेल्या घरांनी वाटून घ्यावा. तो शेतकऱ्याच्या घरी राहता कामा नये.

कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. राज्याच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्यानेही शेतकऱ्याने स्वतःचा माल घरच्या वापरासाठी घेणाऱ्याला विकण्यास आडकाठी केलेली नाही. काम वाढले तर किमान दहा उत्पादक एकत्र येऊन उत्पादक कंपनीही काढू शकतात. पण सुरुवात वहीने आणि दहा घरांनीच व्हावी.

विद्यार्थी मित्रांनाही यात काम आहे. सुटीत आपल्या गावी कोण कोणते धान लावतो, किती विकतो आणि कधी विकतो याची यादी करा. वजनाचा आणि ओलाव्याचा हिशेब वडीलधाऱ्यांना मांडून दाखवा. पुस्तकातले शेकडेवारीचे गणित यापेक्षा चांगल्या ठिकाणी वापरायला मिळणार नाही.

पुढच्या वर्षी त्याच काकांकडे मी पुन्हा गेलो. या वेळी आम्ही पाचच जण होतो, पण आगाऊ रक्कम आणि वही बरोबर होती. त्यांनी आधी पैसे मोजले नाहीत, वही उघडायला सांगितली आणि नावे वाचून घेतली. मग म्हणाले, "आता ठेवतो जी धान."