कोतवाल बुकातले पूर्वज

वऱ्हाडातल्या तहसील कचेरीत कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावातल्या जन्म-मयतांच्या जुन्या नोंदवहीच्या, नकलेसाठी अर्ज पडतो तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा एकच निकड असते, जातीच्या दाखल्याची पडताळणी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा कागद पडताळणी समितीपुढे ठेवावा लागतो. मग आजोबा-पणजोबांच्या जन्माची किंवा मयताची नोंद शोधण्याची धावपळ सुरू होते. नोंद सापडली की तिच्यातला जातीचा रकाना तेवढा कामाला येतो, बाकीचे रकाने कोणी वाचत नाही. चांदूर रेल्वेसारख्या तालुक्यात शेकडो घरांकडे आपल्या पणजोबांविषयीचा एकुलता एक लेखी पुरावा आहे, तो हाच. त्यात तो माणूस कधी गेला, कोणत्या गावात गेला, कशाने गेला, तो कोणाचा मुलगा होता, हे सारे आहे. तरी हा कागद पडताळणीच्या फायलीत जातो आणि फायलीबरोबर बंद होतो. ज्यांच्या घरी सातबारा नव्हता, वाडा नव्हता, वंशावळ लिहिणारा कोणी नव्हता, त्यांचा घराण्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात या मयताच्या नोंदीपासूनच करावी लागेल, असे माझे म्हणणे आहे.

ही वही घराण्यांसाठी केलेलीच नव्हती. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १९०२ साली त्याचा कायमचा पट्टा झाला आणि १९०३ साली ते मध्य प्रांताला जोडले गेले. पटकी, देवी आणि पुढे प्लेग यांच्या साथी सरकारला मोजायच्या होत्या. गावात कोण जन्मले, कोण मेले याची खबर कोतवालाने ठेवायची, ती पुस्तकात उतरवून घ्यायची आणि पुस्तक ठाण्यात दाखवायचे. तिथले आकडे जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनकडे आणि शेवटी प्रांताच्या आरोग्य अहवालात जायचे. इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून मृत्यूची नागरी नोंद सुरू झाली आणि ठरलेली फी भरून कोणालाही तिचा दाखला मिळू लागला. आपल्याकडे १८८६ चा जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचा कायदा झाला खरा, पण त्याखालची नोंद ऐच्छिक होती आणि खेड्यातल्या माणसाचा त्याच्याशी फारसा संबंध आला नाही. खेड्यातला माणूस सरकारच्या लेखी आला तो साथीच्या आकड्यात एक म्हणून.

पण मोजणीसाठी केलेल्या वहीचा एक गुण असतो. तिला कोणाला वगळून चालत नाही. महसुली दप्तराला खातेदार तेवढा ठाऊक असतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात शाळेची पायरी चढलेला मुलगा सापडतो, आणि शंभर वर्षांपूर्वी अशी मुले किती होती ते सांगायला नको. भाटाची वही यजमानाच्या पुरुषवंशाची. कोतवाल बुकात मात्र पाटलाच्या घरातली मयत आणि गावकुसाबाहेरची मयत एकाच पानावर, तारखेच्या क्रमाने, एकाखाली एक येतात. चार दिवसांचे मूल येते, भूमिहीन मजूर येतो, विधवा येते. हे पुस्तक सांभाळणारा आणि ठाण्यापर्यंत पायी नेणारा कोतवाल स्वतः बहुधा गावकुसाबाहेरचाच असे. घरोघरी जाऊन मयताची खबर घेण्याचे काम ज्याच्या अंगावर होते, त्याच्या स्वतःच्या घराण्याचीही लेखी खूण त्याच पुस्तकात आहे.

एखादे पान जवळून पाहावे. अनुक्रमांक, तारीख, मयताचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, पुरुष की स्त्री, वय, मरणाचे कारण, असे साधारण रकाने असतात. मजकूर कुठे बाळबोध, कुठे मोडी. पुरुषाच्या नावापुढे ‘वल्द’ आणि बापाचे नाव, लग्न झालेल्या बाईपुढे ‘जौजे’ आणि नवऱ्याचे, विधवेपुढे ‘बेवा’. आडनाव पुष्कळदा नसतेच, म्हणून आजचे आडनाव घेऊन शोधणारा रिकाम्या हाताने परततो. नाव, बापाचे नाव, जात आणि गाव या चारांची जुळणी करूनच माणूस ओळखावा लागतो. तान्ह्या मुलाच्या नावाच्या जागी कधी नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते, कारण बारशाआधीच ते गेलेले असते. कारणाच्या रकान्यात ताप, हगवण, देवी, पटकी, खोकला, सर्पदंश. आपल्या माणसाची ओळ सापडली की नक्कल घेऊन उठू नये. वरखालच्या ओळी वाचाव्यात, मागची-पुढची पाने उलटावीत. त्याच आठवड्यात त्याच आळीतली आणखी तीन माणसे एकाच कारणाने गेलेली दिसली, तर घरात सांगितली जाणारी ‘तिघे भाऊ एका महिन्यात गेले’ ही गोष्ट पटकीची होती की प्लेगची, ते तिथे कळते.

यावर पहिला आक्षेप येतो तो विश्वासाचा. खबर देणारा पुष्कळदा निरक्षर, लिहिणारा घाईत, वय अंदाजाने, कारण ऐकीव. अशा नोंदीवर इतिहास कसा उभा करायचा? आक्षेप खरा आहे, पण तो सगळ्या रकान्यांना सारखा लागू होत नाही. वय बहुधा ठोकळ असते, तीस, चाळीस, साठ. त्यावरून जन्मसाल काढू नये. काढलेच तर दहा वर्षांची सूट ठेवून काढावे. ‘ताप’ हे कारणही सैल आहे, हिवतापापासून विषमज्वरापर्यंत सगळे त्यात मावते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तर ही गोष्ट ठळक दिसते. मध्य प्रांत-वऱ्हाड हा हिंदुस्थानात सर्वांत जास्त झळ लागलेल्या भागांपैकी एक होता, आणि त्या साथीतल्या मृत्यूंची मोठी संख्या तापाच्याच सदरात पडली. पण तारीख आणि गाव यांचे तसे नाही. खबर थोड्याच दिवसांत पुस्तकात चढत असे, आणि अमका सोमवारी मेला की गुरुवारी, यात खोटे लिहून कोणाचा फायदा नव्हता. नोंदीवर भरवसा ठेवायचा तो रकान्यागणिक ठेवावा.

याहून मोठा दोष नोंदच नसण्याचा आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसे गाव सोडून कामावर, खडी फोडायला गेली, वाटेत मेली. १८९१ साली सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखांवर आली. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात खबर देणारेच आजारी पडले. मरण जेव्हा सर्वांत दाट होते तेव्हाच वही विरळ होते. म्हणून अशा सालात नोंद मिळाली नाही तर ‘आमचा पणजा त्या साली गेला नाही’ असा निष्कर्ष काढू नये. तिथे दुसऱ्या कागदाकडे वळावे. घरात थोडीही जमीन असेल तर वारसाचा फेरफार पाहावा. बाप मयत झाल्यावर मुलांची नावे चढली ती तारीख मृत्यूनंतरची, कधी काही महिन्यांची तर कधी काही वर्षांची असते, पण मृत्यू त्याआधीचा एवढे तरी पक्के होते. जुन्या महसुली कागदावर फसली सन असेल तर त्यात ५९० मिळवावेत, इसवी सन साधारण हाती येतो.

चांदूर रेल्वेच्या शोधात आणखी एक अडचण गावांच्या नावांची आहे. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर, एक रेल्वे आणि एक बाजार. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लाईन बडनेऱ्याहून पुढे जाऊन १८६७ साली नागपूरला पोचली, आणि त्या लाईनीवरचे स्टेशन हीच या चांदूरची ओळख ठरली. जुन्या कागदात नुसते ‘चांदूर’ असेल तर जिल्हा पाहावा. चांदूर बाजार १९०५ पर्यंत एलिचपूर जिल्ह्यात होते आणि तो जिल्हा मोडल्यावर अमरावतीत आले. जुना चांदूर तालुका आजच्यापेक्षा बराच मोठा होता. धामणगाव रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर हे आजचे तालुके त्याच्याच पोटात होते. मंगरूळ म्हटले की मंगरूळ दस्तगीर, मंगरूळ चव्हाळा की वाशीमकडचे मंगरूळपीर, आणि तळेगाव म्हटले की दशासर की ठाकूर, हे आधी ठरवावे. मग तालुका फुटताना त्या गावाचे दप्तर कुठे गेले ते विचारावे, कारण गाव आज नांदगावात असले तरी जुना बस्ता चांदूरच्या कचेरीत राहिलेला असू शकतो.

मृत्यूची नोंद माणसाच्या गावी होत नाही, तो जिथे मेला तिथे होते. हे लक्षात न राहिल्यामुळे जितके शोध फसतात तितके दुसऱ्या कशाने फसत नसतील. पंजाबराव देशमुख पापळचे, म्हणजे याच जुन्या चांदूर तालुक्यातले. पण १० एप्रिल १९६५ रोजी ते गेले दिल्लीत. पापळच्या वहीत त्यांची मयत शोधून मिळायची नाही. गाडगेबाबांचा जन्म शेंडगावचा आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अंत झाला वलगावजवळ, पेढी नदीपाशी, प्रवासात. आजच्या नियमात चालत्या वाहनातल्या मृत्यूची खबर वाहन पहिल्यांदा थांबेल त्या ठिकाणी द्यायची असते. साध्या घरांतही हेच घडते. चांदूरचा रोगी अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात किंवा रेल्वेने सेवाग्रामला नेला जातो, आणि दाखला तिकडच्या नोंदवहीतून निघतो. घरात ‘आजा चांदूरला गेला’ असे सांगत असले, तरी त्याला शेवटी कुठे भरती केले होते हे विचारल्याशिवाय अर्ज लिहू नये.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला आणि काम सोपे झाले. गावात ग्रामपंचायत, शहरात नगर परिषद किंवा महापालिका, २१ दिवसांत खबर. कलम १७ प्रमाणे कोणीही फी भरून नोंदवहीत शोध घ्यायला लावू शकतो आणि उतारा मागू शकतो. मात्र त्याच कलमाने मृत्यूच्या उताऱ्यात मरणाचे कारण उघड करण्यास मनाई आहे. दमा, मधुमेह, वेड, हृदयविकार घराण्यात कुठून आला हे शोधणाऱ्याला १९३० च्या कोतवाल बुकाची नक्कल जे सांगते ते १९८० चा दाखला सांगत नाही. हल्ली मेलेल्यांच्या बाबतीत ही मनाई योग्यच आहे, त्यांची बायकामुले हयात आहेत. पण पन्नास-साठ वर्षे उलटल्यावरही वारसाला आपल्या पूर्वजाच्या मरणाचे कारण कळू नये, याला मला सबळ कारण दिसत नाही. नोंद न सापडल्यास अनुपलब्धता दाखला मिळतो. तोही घेऊन ठेवावा, कारण कोणती वही शोधून झाली याचा तो पुरावा असतो.

दुसरा आक्षेप जातीच्या रकान्याचा. ज्या शब्दांनी माणसाला हिणवले गेले ते शब्द या पानांवर उघडे लिहिलेले आहेत; ते चव्हाट्यावर कशाला आणायचे? या वेदनेला उत्तर म्हणून कागद दडपणे मला पटत नाही. त्या शब्दांसकट ते नाव त्या माणसाचे आहे, आणि ते नाव दुसरीकडे कुठेच नाही. खाडाखोडीची भीती त्याहून व्यवहारी आहे. दाखल्याच्या मोलामुळे जुन्या वहीत नव्या शाईने शब्द घुसवण्याचे प्रकार झाले आहेत, आणि पडताळणी समित्यांची दक्षता पथके मूळ वही मागवतात ती त्यासाठीच. पण यावर उपाय वही आणखी कुलुपात ठेवणे हा नव्हे. पानाचे छायाचित्र एकदा निघाले, पानांना क्रमांक पडले, की त्यानंतरची प्रत्येक छेडछाड दिसते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुनी दप्तरे उपसली गेली, मोडी वाचणारे बसवले गेले, पाने स्कॅन झाली. मनात आणले तर हे होते, हे त्यातून सिद्ध झाले. तो शोध कुणबी नोंदींपुरता होता. तीच वही, तेच पान. बाकीच्या ओळींचीही यादी त्याच मेहनतीत झाली असती.

आपली तोंडी परंपरा पुरेशी आहे, नाशिकला रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सात पिढ्या आहेत, असेही म्हणणारे आहेत. त्या वह्या मोलाच्याच आहेत. जो गेला, त्याने स्वतः सांगितलेली कुळी तिथे लिहिलेली असते. पण नाशिकला जाण्याइतके पैसे गाठीशी असलेल्यांचीच ती वही. वऱ्हाडातले पुष्कळ लोक कौंडण्यपूरला वर्धेत अस्थी सोडून परतले, त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. आणि घरच्या आठवणीत पुरुष राहतात, बाया राहत नाहीत. पणजोबांचे नाव घरात सगळ्यांना येते. त्यांची पहिली बायको, जी बाळंतपणात गेली, तिचे नाव कोणाला येत नाही. तिची मयत सासरच्या गावच्या वहीत मिळत नाही म्हणून शोध तिथेच सोडला जातो. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी गेलेली असते, तेव्हा वही पाहायची ती तिच्या माहेरच्या गावची. जौजे अमुक, वय अंदाजे अठरा, आणि तिच्याच वर किंवा खाली, एक-दोन दिवसांच्या अंतराने, नाव नसलेले मूल, अशा दोन ओळी लागोपाठ दिसल्या तर गाव, तारीख आणि नवऱ्याचे नाव जुळवून पाहावे, आणि दोन्ही ओळींची नक्कल मागावी.