निद्रानाश: नैराश्याचं शेपूट की वेगळा आजार?

नैराश्यात झोप उडते हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावरून मूळ आजार बरा झाला की झोप आपोआप येईल, असं डॉक्टरही वर्षानुवर्षं धरून चालले. प्रत्यक्षात नैराश्य ओसरल्यावरही अनेकांचा निद्रानाश मागे उरतो आणि नैराश्य परतण्याचा धोका वाढवतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेतून ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ निद्रानाश हा भेद काढून टाकला. सोबत दुसरा आजार असो वा नसो, निद्रानाशाकडे स्वतंत्रपणे पाहायला हवं, हा त्याचा अर्थ.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ रेचल मॅनबर यांच्या संशोधनाचा मोठा भाग याच प्रश्नावर आहे. त्या वापरतात ती ‘सीबीटी-आय’ ही निद्रानाशावरची, विचार आणि सवयी बदलणारी, गोळीशिवायची उपचारपद्धत म्हणजे ‘संध्याकाळी चहा नको, मोबाइल नको’ असा उपदेश नव्हे; जुनाट निद्रानाश नुसत्या उपदेशाने सहसा हटत नाही. झोप लागत नाही म्हणून माणूस नऊलाच आडवा होतो, सकाळी लोळत राहतो. नऊ तास अंथरुणात आणि झोप जेमतेम पाच. हळूहळू अंथरूण आणि जागरण यांची सांगड पक्की होते. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये ही सांगड तोडायचा मार्ग सुचवला: झोप आली तरच अंथरुणात जा, लागली नाही तर उठा. आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अंथरुणातला वेळच जवळपास प्रत्यक्ष झोपेइतका कमी करून मग बेताने वाढवण्याची पद्धत मांडली. हे दोन्ही मार्ग सीबीटी-आयचा भाग आहेत. पद्धत उफराटी वाटते खरी, पण अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांआधी सीबीटी-आयच द्या, असं सांगितलं. मॅनबर यांनी २००८ मध्ये ३० नैराश्यग्रस्तांवर छोटा प्रयोग केला. नैराश्याच्या औषधासोबत सीबीटी-आय मिळालेल्यांपैकी ६१.५ टक्के नैराश्यातून बाहेर आले, औषधासोबत सीबीटी-आय न मिळालेल्या तुलनेच्या गटातले ३३.३ टक्के. मात्र २०१६ च्या, १५० जणांवरच्या चाचणीत हेच आकडे ४४ आणि ३६ असे आले; संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. विरोधक इथे बोट ठेवतात आणि ते योग्यच आहे: झोप सुधारली की नैराश्य जातंच, असा दावा करता येत नाही. पण त्याच चाचणीत सीबीटी-आयने निद्रानाश मात्र अधिक कमी झाला. ज्याची रात्र सुसह्य झाली त्याला तेवढ्यावर फायदा झाला नाही, असं कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. इतके मानसशास्त्रज्ञ आणायचे कुठून? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. याचं उत्तर गोव्यात सापडतं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या चमूने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ नैराश्यग्रस्तांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना, व्यावसायिक पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत मदत केली, आणि ती उपयोगी ठरली. ती झोपेची चाचणी नव्हती. पण इंग्लंडमध्ये २०२३ मध्ये ६४२ जणांच्या चाचणीत दवाखान्यांतल्या परिचारिकांनी चार भेटींत स्पीलमन यांची पद्धत शिकवली आणि सहा महिन्यांनंतरही निद्रानाश कमी राहिला. मग आपल्याकडे, नाशिकच्या आरोग्य केंद्रांत, हे अशक्य का मानायचं?

चाळणी मात्र हवी. उन्माद-नैराश्याच्या रुग्णाची झोप कापली तर उन्माद उसळू शकतो, त्याला ही पद्धत तज्ज्ञाविना देऊ नये. सुरुवातीच्या दिवसांत दिवसा पेंगही येते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता मिळतात त्या द्वारका चौकातून रात्रभर ट्रक हाकणाऱ्या चालकाला तर ती जिवावर बेतू शकते. शिवाय त्याची अडचण बहुतेक वेळा झोप न लागण्याची नसते, झोपायला वेळच न मिळण्याची असते. त्यावर औषध मालकाच्या वेळापत्रकात आहे.