काजूची बाग आणि दाजीपूरचं रान

डिसेंबरातल्या उपग्रहचित्रात कोल्हापूर जिल्हा पाहिला, तर १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं दाजीपूरचं रान गर्द दिसतं आणि पंचगंगाकाठचा ऊसही जवळपास तितकाच गर्द. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेनं भागलं की ‘एनडीव्हीआय’ हा वनस्पती निर्देशांक मिळतो. त्यात भरात आलेला ऊस जंगलाच्या पंगतीला बसतो.

ऊस ओळखू येतो तो वर्षभराच्या चित्रांतून. तोड झाली की निर्देशांक एकदम कोसळतो, खोडवा वाढेल तसा पुन्हा चढतो. दाजीपूरचं निमसदाहरित रान एप्रिलातही फारसं उतरत नाही. पानझडी डोंगराचं मात्र डिसेंबरचं चित्र एप्रिलच्या शेजारी ठेवलं, तर एकही झाड न तुटता जंगल गेल्यासारखं दिसतं. म्हणून वर्षावर्षांची तुलना त्याच हंगामातल्या चित्रांची हवी. लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती फुकट मिळतात. सेंटिनेल-२ तर दहा मीटरपर्यंतचा तपशील दाखवतो. पावसाळ्यात गगनबावड्यावर ढग ठाण मांडतात, तेव्हा रडार उपग्रहांवर भिस्त ठेवावी लागते.

खरी अडचण काजूची आहे. चंदगड-आजऱ्यात काजूच्या बागा भरपूर. काजू बारमाही हिरवा, उसासारखी त्याची दरसाल तोड नाही. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्के किंवा अधिक छत्र असलं की ते ‘वनाच्छादन’. जमीन कुणाची, झाड कोणतं, हे त्यात पाहत नाहीत. फळबागही मोजली जाते. म्हणजे डोंगरउतारावरचं जुनं रान जाऊन तिथं काजू उभा राहिला, तरी आकडा जागचा हलणार नाही. दाजीपुरात अंजनी, जांभूळ, पिसा, खाली कारवी, त्याखाली पालापाचोळा, असे थर असतात. काजूत बी वेचता यावी म्हणून झाडाखालची जमीन साफ केलेली असते. वरून दिसतं ते फक्त छत्र.

सड्यांचं उलटं होतं. जांभ्याचे हे माळ मुळातच झाडाविना असतात, पावसाळ्यात मात्र रानफुलांनी भरून जातात. त्यांच्या पोटात बॉक्साइट आहे. तिथं खाण सुरू झाली तर वनाच्छादनाच्या हिशेबात काहीच घटत नाही, कारण तिथं काही मोजलेलंच नव्हतं. मला ही उणीव फार गंभीर वाटते.

कोल्हापूरला काजू, निमसदाहरित रान आणि सडा वेगवेगळे दाखवणारा स्वतःचा नकाशा हवा. तंत्र हाताशी आहे. जीपीएस घेऊन उतारावर चालायचं, अमुक बिंदूवर बाग, तमुक बिंदूवर अंजनी, इथं सडा, अशी नोंद करायची आणि त्या नोंदींवरून संगणकाला चित्रं वाचायला शिकवायचं. काही बिंदू मुद्दाम बाजूला ठेवायचे, म्हणजे संगणक कुठं चुकला तेही तपासता येतं. वनरक्षक, शिवाजी विद्यापीठातले भूगोलाचे विद्यार्थी आणि बागा राखणारे शेतकरी मिळून हे काम करू शकतात. सुरुवात चंदगडपासून व्हावी, कारण तिथं बाग आणि रान एकमेकांना खेटून आहेत.