फटफटीला तिसरं चाक

आज बोलायचं आहे ते दुचाकी सोडून तीनचाकी गाडीवर येण्याबद्दल, आणि असं कोणी केलं की आजूबाजूचे लोक कसे वागतात त्याबद्दल.

विषय वरवर लहान वाटतो. पण साठी ओलांडलेल्या, किंवा अपघात, पोलिओ, पक्षाघात, संधिवात यांमुळे पायातलं बळ कमी झालेल्या माणसाला विचारून पाहा. यातले काही जण मोटारसायकल दारात झाकून ठेवतात. मग बाजाराला जायचं तर मुलाची वाट पाहायची, मित्राकडे जायचं तर रिक्षा शोधायची. हळूहळू बाहेर जाणंच थांबतं. काही जण उलट करतात. पाय साथ देत नसतानाही जुनीच गाडी रेटतात आणि एखाद्या दिवशी सिग्नलला थांबताना कलंडतात. तिसरा मार्ग समोर असूनही तो घेत नाहीत, कारण "लोक काय म्हणतील?"

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी बुलेटवरून साइडव्हीलच्या स्कूटरवर आलो. डाव्या पायात जोर राहिला नव्हता, आणि आताच्या बुलेटचा गिअर डाव्याच पायाला असतो. त्यामुळे हे सगळं ऐकीव नाही.

तीन चाकं म्हणजे नेमकं काय?

तीनचाकी मोटारसायकलला जगभर 'ट्राइक' म्हणतात. तिचे मुख्य दोन प्रकार. पुढे एक आणि मागे दोन चाकं, हा जुना प्रकार. पुढे दोन आणि मागे एक, हा नवा. कॅनडाची 'कॅन-ॲम स्पायडर' 2007 मध्ये आली, ती या दुसऱ्या प्रकारातली. इटलीच्या पियाजिओची 'एमपी3' ही स्कूटर तर पुढे दोन चाकं असूनही वळणावर दुचाकीसारखी झुकते.

आपल्याकडे जे दिसतं ते बहुतेक वेळा साध्या गिअरलेस स्कूटरला मागे दोन्ही बाजूंनी जोडलेली दोन जादा चाकं. मोजायला गेलं तर ती चार होतात, पण चालवण्याचा अनुभव बराचसा तीनचाकीचाच असतो.

आता याची गरज का पडते? दुचाकी वेगात असते तेव्हा तिला तोलणं सोपं असतं. गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. खरी कसोटी वेग कमी झाल्यावर लागते आणि थांबल्यावर तर सगळा भार पायावर. 350 सीसीच्या बुलेटचं वजन 190 किलोच्या पुढे. ती सरळ उभी असेतोवर काही वाटत नाही, पण थोडी कलली की तिला सावरायला गुडघा आणि घोटा भक्कम लागतात. म्हणजे रस्त्याचं भान, नजर, हातांचा ताबा, वाहतुकीचा अंदाज, हे सगळं शाबूत असलेला माणूससुद्धा निव्वळ थांबता येत नाही म्हणून गाडी सोडतो. तिसरं चाक एवढंच एक काम अंगावर घेतं. गाडी चालवायची असते ती चालवणाऱ्यानेच.

नजरा तीन प्रकारच्या

पंजाबात बुलेट ही नुसती गाडी नाही. लग्नाच्या वरातीपासून गाण्यांपर्यंत ती सगळीकडे आहे. तिचा आवाज म्हणजे घराण्याचा रुबाब. तीनचाकी मोटारसायकलही इथे भरपूर दिसते, पण ती 'जुगाडू रेहडी'. म्हणजे जुन्या मोटारसायकलला मागे लोखंडी पाटा जोडून केलेली मालगाडी. भाजी, सळया, विटा, काय वाटेल ते तिच्यावरून जातं. एप्रिल 2022 मध्ये पंजाब पोलिसांनी या रेहड्यांवर कारवाईचा आदेश काढला होता. गरिबांच्या पोटाचा प्रश्न म्हणून ओरड झाली आणि तो लगेच मागे घेतला गेला. सांगायचा मुद्दा असा, की इथल्या माणसाच्या डोक्यात दोन चाकं म्हणजे शान आणि तीन चाकं म्हणजे ओझं, अशी विभागणी पक्की आहे. बुलेटवरून उतरून तीन चाकांवर बसलेला माणूस त्याला 'उतरलेला'च वाटतो. आपल्या महाराष्ट्रातही फार वेगळं नाही. फक्त बोलणं जरा आडून असतं.

पहिली नजर चेष्टेची. "काय हो, नातवाची सायकल घेतलीत का?" किंवा इथल्या भाषेत "अंकलजी, ए की लै आंदा?" ही मला सगळ्यांत कमी टोचते. हसून उत्तर दिलं की विषय संपतो.

दुसरी कीव करणारी. "अरेरे, काय होतात आणि काय झालात!" असं म्हणणारा माणूस वाईट नसतो. पण तुमच्या हातातल्या नव्या सोयीकडे त्याचं लक्षच नसतं. तो तुमच्या पायाकडे बघत असतो. याच नजरेपायी लोक घरी बसतात.

तिसरी कौतुकाची, आणि ती ओळखायला कठीण. "वा! या वयात, अशा अवस्थेत! धन्य आहे तुमची!" दूध आणायला निघालेल्या माणसाला धन्य कशासाठी म्हणायचं? दूध आणणं हा पराक्रम नाही. अतिकौतुकातही "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" हे दडलेलं असतंच.

लष्करात आम्ही डोंगरात खेचरावर सामान नेलं, वाळवंटात उंट वापरलेले पाहिले, सपाटीवर जीप चालवली. जीपमधून उतरून खेचराबरोबर चालणाऱ्या अधिकाऱ्याची पदावनती झाली, असं कोणी म्हणत नाही. जमीन बदलली की वाहन बदलतं. शरीर हीदेखील एक जमीनच आहे.

याचं जिवंत उदाहरण पाहायचं तर देशात लष्कराची दोन पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रं आहेत, एक पुण्याजवळ खडकीला आणि दुसरं इथे मोहालीत. पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान तिथे राहतात, काम करतात, खेळतात. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं शरीर अधू झालं. पुढे ते पोहायला लागले आणि 1972 मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. ते भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. त्यांनी बॉक्सिंग सोडलं याबद्दल आज कोणी हळहळत नाही.

आणि ज्यांना दोन चाकांचाच अभिमान आहे त्यांच्यासाठी एक माहिती. हार्ले-डेव्हिडसनने 'सर्व्हि-कार' नावाची तीनचाकी 1932 पासून 1973 पर्यंत बनवली. अमेरिकेतले पोलीस ती वापरत. दिल्लीत चांदणी चौकाच्या बाजूला 1998 पर्यंत धावणाऱ्या 'फटफटी' या प्रवासी गाड्याही जुन्या हार्लेवरच बांधलेल्या तीनचाकी होत्या.

चालवताना काय बदलतं?

आता कामाचं बोलू. तीनचाकी सोपी असते हा समज घेऊन कोणी बसू नये. ती वेगळी असते, आणि वर्षानुवर्षांची सवय इथे आड येते.

दुचाकी वळणावर आत झुकते. 25 मीटर त्रिज्येचं वळण 40 किलोमीटर वेगाने घेतलं तर ती साधारण 27 अंश झुकते. तीनचाकी झुकत नाही, त्यामुळे बाहेर ढकलणारा सगळा जोर तिला उलटवायला बघतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तेच वळण 40 ऐवजी 20 ने घेतलं तर जोर एक चतुर्थांशावर येतो. मोहाली आणि चंदीगडच्या गोल चौकांत हे रोज अनुभवाला येतं. आत शिरताना डावीकडे, फिरताना उजवीकडे, बाहेर पडताना पुन्हा डावीकडे, असं वजन तीनदा बाजू बदलतं. म्हणून वेग चौकाच्या आधी कमी करायचा. वळणाच्या मध्यात ब्रेक दाबला तर वजन पुढे येतं, आणि पुढे तर एकच चाक असतं.

दुसरं, पाय खाली टाकायचा नाही. दुचाकीवाल्याचा पाय थांबण्याआधीच आपोआप बाहेर येतो. इथे मागचं चाक त्याच रेषेत पाठोपाठ येत असतं. पाय त्याखाली सापडतो.

तिसरं, रुंदी. हँडल जिथून गेलं तिथून मागची चाकं जातीलच असं नाही. खड्डाही आता एका रेषेत चुकवता येत नाही. एक चाक वाचवलं तर दुसरं पडतं.

चौथं, रस्त्याचा उतार. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. दुचाकी त्यावर सरळ राहते, तीनचाकी कडेला ओढते. हँडल हलकंसं उजवीकडे धरून ठेवावं लागतं.

साइडव्हील बसवताना एक गोष्ट आवर्जून पाहा. बाजूची चाकं फार खाली किंवा स्प्रिंगशिवाय बसवली असतील तर खोलगट जागी मधलं मागचं चाक अधांतरी राहतं. जोर त्याच चाकाला असतो. ते नुसतं गरगरतं आणि गाडी जागची हलत नाही. शिवाय उतारावर गाडी उभी करण्यासाठी ब्रेक अडकवून ठेवायची सोय हवीच.

सुरुवातीचे पंधरा दिवस मोकळ्या मैदानात काढा. आठाच्या आकड्यात, सावकाश.

कायद्यातला एक शब्द

1988 च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हटलं होतं. परवान्यावरही तोच शब्द येई. व्याख्येत अट अशी की गाडी मुळातच अपंग व्यक्तीसाठी बनवलेली हवी, नुसते फेरफार केलेली चालणार नाही. म्हणजे साध्या स्कूटरला साइडव्हील जोडणारा माणूस त्या व्याख्येत बसतच नव्हता. 2019 च्या दुरुस्तीने तो शब्द काढून 'अडॅप्टेड व्हेइकल', म्हणजे गरजेनुसार जुळवून घेतलेलं वाहन, हा शब्द आणला. कलम 52 खाली फेरफार केलेली गाडीही आता त्यात येते.

पण त्याचबरोबर जबाबदारीही येते. गाडीच्या रचनेत मनाला येईल तसा बदल कायद्याला मान्य नाही. अपंगत्वाचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते, आरसीत नोंद लागते, आणि परवान्यावर 'अडॅप्टेड व्हेइकल' हा वर्ग लागतो. विमा कंपनीलाही बदल कळवा. ही गाडी फक्त त्या व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरायची असते, त्यामुळे नातवाला फिरवायला द्यायची नाही. कार्यालयात दोन-तीन फेऱ्या होतील. त्या करा. अपघात झाला तर हेच कागद तुमच्या बाजूने उभे राहतात.

मग आपण काय म्हणायचं?

तुमच्या ओळखीचं कोणी तीन चाकांवर आलं तर काय विचारायचं? जे नव्या मोटारसायकलबद्दल विचारलं असतंत तेच. किती ॲव्हरेज देते? चढावर कशी चढते? लांबच्या रस्त्याला कंबर धरते का? त्याला गाडीबद्दल बोलायचं असतं, पायाबद्दल नाही. मदत करायची तर आधी विचारा. न विचारता मागून गाडी ढकलू नका. आणि त्याच्या उतरण्याच्या बाजूला आपली गाडी लावू नका, त्याला तेवढी जागा लागतेच.

घरच्यांना एक विनंती. "आता कशाला हवी गाडी, आम्ही आहोत ना" हे प्रेमाने म्हटलं जातं, मला मान्य आहे. पण त्या वाक्याने माणसाचं जग दारापाशी संपतं. नजर चांगली असेल, भान शाबूत असेल, डॉक्टर हो म्हणत असतील, तर त्याला गाडी निवडायला घेऊन जा. आणि यातलं एखादं नसेल, तर मात्र चाकं कितीही असोत, किल्ली ठेवून द्यायला सांगा. तो निर्णय वैद्यकीय कारणावर व्हावा, शेजाऱ्यांच्या टोमण्यांवर नको.

लोक घोड्यावर बसू देत नाहीत आणि पायीही चालू देत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कायद्याने 2019 मध्ये आपला शब्द बदलला. आपल्या तोंडचा शब्द बदलायला कुठल्या दुरुस्तीची गरज नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर हेल्मेट घाला, तीन चाकांवरही. जय हिंद.