औषधविद्येची परीक्षा आणि पुस्तकांची निवड

एक काळ असा होता कीं, डॉक्टरांच्या दवाखान्यांतला कंपाउंडर हाच मध्यमवर्गीय घराचा औषधशास्त्रज्ञ असे. मिश्रणाची बाटली, तिच्या अंगावर चिकटविलेली खांचांची कागदी पट्टी आणि ‘हलवून घ्या’ एवढी सूचना, यापलीकडे त्याचें ज्ञान तपासून पाहण्याचें घरच्या मंडळींच्या मनांत येत नसे. तो मनुष्य काय शिकून त्या फळीमागें उभा राहिला, हा प्रश्न सबंध देशासाठीं विचारला तो १९४८ च्या फार्मसी कायद्यानें. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध तयार करून देण्याचा अधिकार या कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमानें नोंदणी झालेल्या फार्मासिस्टापुरता ठेवला. डॉक्टरानें स्वतःच्या रोग्यास औषध द्यावयाची मुभा तेवढी राहिली.

पुढें कित्येक वर्षें दोन वर्षांची पदविका पदरांत पडली, कीं राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या वहींत नांव दाखल करून घेण्यास दुसरी परीक्षा द्यावी लागत नसे. २०२२ च्या फेब्रुवारींत फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानें नवे नियम काढले आणि पदविका व नोंदणी यांच्यामध्यें आणखी एक उंबरठा घातला. तीन पत्रिका, प्रत्येकीस तीन तास, प्रश्न सर्व बहुपर्यायी, भाषा इंग्रजी आणि प्रत्येक पत्रिकेंत निदान निम्मे गुण, असें त्या परीक्षेचें स्वरूप ठरविण्यांत आलें. विद्यार्थ्यांच्या तोंडीं ती ‘एक्झिट परीक्षा’ म्हणून रुळली. तिची पहिली फेरी वैद्यकशास्त्रांच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळानें ऑक्टोबर २०२४ मध्यें घेतली. नवी परीक्षा निघाली, कीं तिच्यामागोमाग पुस्तकांचा बाजार उभा राहतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत उभें राहून पाहिलें, तर हा नियम समजण्यास दुसरें प्रमाण लागत नाहीं.

या बाजारांत शिरणाऱ्या मुलाचें आणि त्याच्या वडिलांचें पहिलें माप जाडीचें असतें. हजार पानांचा ग्रंथ, पांच हजार प्रश्न, ‘हमखास यश’ अशी तांबडी पट्टी! या सर्वांपेक्षां महत्त्वाची गोष्ट मुखपृष्ठाच्या मागील पानावर बारीक टाइपांत छापलेली असते. ती म्हणजे आवृत्तीचें वर्ष. रसायनशास्त्राचें वीस वर्षांपूर्वींचें पुस्तक आजहि पुष्कळसें खरें असतें. पण औषधांच्या कायद्याचें पांच वर्षांपूर्वींचें पुस्तकहि खोटें असूं शकतें. आणि तें ज्या आत्मविश्वासानें छापलेलें असतें, त्याच आत्मविश्वासानें विद्यार्थी तें पाठ करतो.

याचें उदाहरण पाहावें. १९४० चा औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम, हा या विषयाचा पाया. त्या नियमांत ‘एच’ नांवाची एक अनुसूची आहे; तींतील औषधें चिठ्ठीवांचून विकतां येत नाहींत. ही बंदी कागदावरच राहते आणि जंतुनाशक औषधें खडीसाखरेसारखीं विकलीं जातात, हें दिसून आल्यावर ३० ऑगस्ट २०१३ रोजीं ‘एच-१’ ही नवी अनुसूची काढण्यांत आली व १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. आरंभीं तींत ४६ औषधें होतीं. तिसऱ्या व चौथ्या पिढीचीं सेफॅलोस्पोरिनें, क्षयरोगावरील औषधें आणि झोपेचीं व चिंता शमविण्याचीं कांहीं औषधें त्यांत आलीं. यांतील औषध विकतांना दुकानदारानें निराळी वही ठेवावयाची, तींत चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टराचें नांव व पत्ता, रोग्याचें नांव, औषधाचें नांव आणि दिलेलें प्रमाण लिहावयाचें, आणि ती वही तीन वर्षें जपून ठेवावयाची, असा दंडक आहे. ‘एक्स’ अनुसूचीची रीत निराळी आहे. तेथें चिठ्ठीच दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानांत दोन वर्षें राहते. एकीकडे तीन वर्षें, दुसरीकडे दोन. बहुपर्यायी प्रश्न विचारणारास याहून सोयीची जागा मिळणें कठीण. २०१४ च्या आधीं छापलेल्या आणि पुढें नुसतें वेष्टन बदललेल्या गाइडांत मात्र ‘एच-१’ चें प्रकरणच असणार नाहीं.

पुस्तकाची परीक्षा पाहण्यास दुकानांत उभ्या उभ्या तीन गोष्टी चाळल्या तरी पुरे. पहिली ही कीं, १९४५ च्या नियमांना पुस्तक कोणत्या नांवानें ओळखतें? २०२० मध्यें सौंदर्यप्रसाधनांसाठीं स्वतंत्र नियम झाले आणि जुने नियम केवळ ‘औषध नियम, १९४५’ राहिले. दुसरी गोष्ट औषधांच्या किंमतींच्या हुकुमाची. १९९५ च्या हुकुमांत किंमत उत्पादनाच्या खर्चावरून ठरे. २०१३ च्या हुकुमानें ती बाजारांतील किंमतींच्या सरासरीवरून ठरविण्याची पद्धत आणली. जें पुस्तक १९९५ शींच थांबलें आहे, तें शेल्फावर परत ठेवावें. तिसरी गोष्ट नव्या औषधांच्या चांचणीची. तिच्यासाठीं २०१९ मध्यें निराळे नियम झाले, तरी ‘वाय’ अनुसूचीचेंच गुणगान करणारीं पुस्तकें अद्याप रद्दीच्या दुकानांत पुष्कळ सांपडतात. जुन्या पुस्तकांचा हा बाजार एरवीं गरीब विद्यार्थ्यांचा मोठा आधार आहे. शरीररचना, वनौषधींची ओळख, सेंद्रिय रसायन हीं पुस्तकें तेथून खुशाल घ्यावीं. आधींच्या मालकानें तांबड्या पेन्सिलीनें केलेल्या खुणाहि कधीं कधीं उपयोगीं पडतात. कायद्याचें पुस्तक मात्र नवेंच घ्यावें. आणि खरें पाहतां मूळ कायदा व नियम सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळत असतां तेच वाचावे. कलमांची भाषा रुक्ष असते हें खरें. परंतु प्रश्न काढणारा शेवटीं त्याच भाषेंत प्रश्न काढतो.

नांवांचा एक घोटाळा येथें सांगितला पाहिजे, कारण तो चांगल्या विद्यार्थ्यांनाहि गोंधळांत टाकतो. पदविकेचा जुना अभ्यासक्रम १९९१ च्या नियमांचा. नवा २०२० च्या नियमांचा. नव्या अभ्यासक्रमांत ‘फार्मसी लॉ अँड एथिक्स’, ‘कम्युनिटी फार्मसी अँड मॅनेजमेंट’, ‘सोशल फार्मसी’ आणि ‘फार्माकोथेरप्युटिक्स’ हे विषय आहेत. परीक्षेच्या नियमांनीं मात्र ‘फार्मास्युटिकल ज्युरिसप्रुडन्स’ आणि ‘ड्रग स्टोअर मॅनेजमेंट’ हीं जुनीं नांवें वापरलीं. विद्यार्थी आपल्या पुस्तकाच्या पाठीवर तें नांव शोधतो, तें दिसत नाहीं, म्हणून घाबरून १९९१ च्या अभ्यासक्रमाचें पुस्तक विकत आणतो! नांव जुनें असलें तरी विषय तोच आहे. परीक्षेच्या प्रत्येक फेरीची माहितीपुस्तिका आधीं वाचून, तिच्यांतील विषय आपल्या कॉलेजांतल्या क्रमिक पुस्तकांच्या प्रकरणांशीं एका कागदावर जुळवून घ्यावे. हा कागद तयार होण्यापूर्वीं एकहि पुस्तक विकत घेऊं नये.

आतां परदेशी प्रश्नसंचांविषयीं. इंग्रजींत तयार झालेले अमेरिकन प्रश्नसंच दिसावयास देखणे असतात. त्यांत उत्तराबरोबर स्पष्टीकरणहि सविस्तर असतें, आणि औषधाचें शरीरांत कार्य कसें चालतें हें समजावून घेण्यास त्यांचा उपयोग नाकारतां येणार नाहीं. परंतु त्यांतील औषधांचीं नांवेंहि परकीं. आपल्याकडचें पॅरासिटामोल तेथें ॲसिटामिनोफेन होतें, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होतें आणि ग्लिबेनक्लामाइड ग्लायब्युराइड होतें. तेथील नियंत्रित औषधांच्या अनुसूची एकपासून पांचपर्यंत आंकड्यांनीं ओळखल्या जातात. आपल्या ‘एच’, ‘एच-१’ आणि ‘एक्स’ यांच्याशीं त्यांचा मेळ बसत नाहीं. साधा ‘थंड जागा’ हा शब्द घेतला तरी फरक पडतो. आपल्या औषध नियमांच्या ‘पी’ अनुसूचींत ‘कूल प्लेस’ म्हणजे १० ते २५ अंश सेल्सिअस, तर अमेरिकन फार्माकोपियांत ‘कूल’ म्हणजे ८ ते १५ अंश. तेथील पुस्तक पाठ करणारा येथें चुकेल; आणि परीक्षेंत चुकला तर एका गुणाचें नुकसान, दुकानांत चुकला तर कोणाच्या तरी औषधाचें.

गणिताचा भाग लहान, पण पुस्तकाची खरी कसोटी तेथेंच लागते. ९० टक्के आणि ६० टक्के मद्यार्क एकत्र करून ७० टक्क्यांचा ६०० मिलिलिटर मद्यार्क बनवावयाचा आहे, असें समजूं. ९० आणि ७० यांतील फरक २०, ७० आणि ६० यांतील फरक १०. हे फरक तिरपे मांडावयाचे. म्हणजे ९० टक्क्यांच्या द्रवाचा १ भाग आणि ६० टक्क्यांच्या द्रवाचे २ भाग, अर्थात् २०० आणि ४०० मिलिलिटर. पडताळा सोपा आहे. २०० मध्यें शुद्ध मद्यार्क १८०, ४०० मध्यें २४०, मिळून ४२०, आणि तो ६०० चा ७० टक्के होतो. जें पुस्तक हा पडताळा देतें, तें घ्यावें. जें नुसतें ‘उत्तर : ब’ एवढेंच छापतें, त्याच्या छपाईंत जर १:२ चें २:१ झालें, तर विद्यार्थ्याला ती चूक कळण्याचा मार्ग उरत नाहीं, तो ८० टक्क्यांचें मिश्रण बिनधोक ७० टक्के म्हणून बनवील. स्वस्त प्रश्नसंचांतील उत्तरसूची घाईनें तयार झालेल्या असतात. निरनिराळ्या प्रकरणांतील दहा गणितें स्वतः सोडवून सूचीशीं ताडून पाहावीं. दोन चुका निघाल्या तर राहिलेल्या प्रश्नांवर विश्वास कशाच्या बळावर ठेवावयाचा?

संदर्भग्रंथांविषयीं घरोघरीं एक गैरसमज असतो, कीं इंडियन फार्माकोपिया विकत घेतल्यावांचून अभ्यास पुरा होत नाहीं. या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९५५ ची. नववी २०२२ ची. औषधांची शुद्धता तपासण्याचीं मानकें हा त्याचा विषय आहे, आणि कारखान्यांतल्या रसायनशाळेस तो जितका आवश्यक, तितका पदविकेच्या विद्यार्थ्यास नाहीं. त्याची रचना आणि त्यांतील सर्वसाधारण सूचना कॉलेजच्या ग्रंथालयांत बसून पाहिल्या तरी चालतें. त्यापेक्षां आवश्यक औषधांची राष्ट्रीय यादी जवळ ठेवणें अधिक उपयुक्त. २०२२ च्या यादींत ३८४ औषधें आहेत. २०१५ च्या यादींत ३७६ होतीं. पोटांतल्या आम्लावर घरोघरीं घेतलें जाणारें रॅनिटिडीन या फेरीस गळलें. गाइड रॅनिटिडीनला अजून आवश्यक औषध म्हणत असेल, तर त्याच्या लेखकानें नवी यादी उघडली नाहीं, असें खुशाल समजावें.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे. महाराष्ट्रांत पदविकेस येणारीं पुष्कळ मुलें मराठी माध्यमांतून आलेलीं असतात, आणि बहुपर्यायी प्रश्नांत ‘नॉट’ किंवा ‘एक्सेप्ट’ हा एक शब्द नजरेआड झाला तरी येत असलेलें उत्तर जातें. विषय मराठींत समजावून घेण्यास हरकत नाहीं. उलट तसाच तो अधिक पक्का बसतो. परंतु सरावाचे प्रश्न मात्र इंग्रजींतच सोडवावे, आणि ते अभ्यासाच्या अखेरीस नव्हे, प्रत्येक प्रकरणागणिक. तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षेंत सविस्तर उत्तर लिहावें लागतें. तेथें अर्धवट ज्ञानालाहि अर्धे गुण मिळतात. बहुपर्यायी प्रश्नांत ती सवलत नाहीं.

तेव्हां खरेदीची यादी लहानच होते. हातीं असलेलीं क्रमिक पुस्तकें, कायद्याची ताजी प्रत, आवश्यक औषधांची यादी आणि स्पष्टीकरणासह असलेला एकच प्रश्नसंच. दुसरा प्रश्नसंच घेण्याची इच्छा होते ती बहुधा पहिला अपुरा राहिल्यामुळें. अशा वेळीं वडील मंडळींनीं पैसे देण्यापूर्वीं पहिल्याचीं पानें उलटून पाहावीं, कोरीं किती राहिलीं तें.

आणखी एक अभ्याससाहित्य आहे, तें कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. पदविकेच्या अभ्यासक्रमांत ५०० तासांचें प्रत्यक्ष शिक्षण ठेवलेलें आहे. कित्येक जण तें सहीशिक्क्यापुरतें उरकतात. पण जो मुलगा तेथें मनापासून उभा राहिला असेल, त्याच्या हातांतून सेफिक्सिमच्या गोळ्यांची पट्टी गेलेली असते. तिच्या कोपऱ्यांतलें तांबडें ‘आरएक्स’ आणि तांबड्या चौकटींतली सूचना त्यानें वाचलेली असते. दुकानांतली ‘एच-१’ ची वही उघडून डॉक्टराचें नांव-पत्ता, रोग्याचें नांव, औषध आणि प्रमाण हे रकाने त्यानें स्वतःच्या हातानें भरलेले असतात. समोरचें गिऱ्हाईक मागील वर्षाची चिठ्ठी पुढें करून “नेहमीचेंच आहे, द्या हो” म्हणालें, तेव्हां मालकानें काय उत्तर दिलें, हेंहि त्यानें ऐकलेलें असतें.