न उघडलेल्या बाटल्यांचा बाजार

18 नोव्हेंबर 2023 रोजी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात व्हिस्कीच्या एका बाटलीवर साडेसतरा लाख पौंडांच्या बोलीला हातोडा पडला. त्यावर लिलावघराचं कमिशन धरून घेणाऱ्याला एकूण 21 लाख 87 हजार 500 पौंड मोजावे लागले. आपल्या हिशोबात बावीस कोटी रुपयांच्या वर. लिलावाआधी सदबीजनं अंदाज दिला होता साडेसात ते बारा लाख पौंडांचा. वाइन असो वा व्हिस्की, एका बाटलीला लिलावात एवढी किंमत त्याआधी कधी मिळाली नव्हती.

ती बाटली होती मॅकॅलनची, 1926 सालची. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीकाठच्या या डिस्टिलरीत त्या वर्षी गाळलेली दारू शेरीच्या पिंपात भरली गेली आणि तब्बल साठ वर्षं तिथंच राहिली. पिंपाचा क्रमांक 263. लाकडातून दरवर्षी साधारण दोन टक्के दारू उडून जाते. स्कॉटलंडमध्ये हा देवदूतांचा वाटा मानतात. 1986 साली पिंप रिकामं केलं तेव्हा देवदूतांनी माणसांसाठी जेमतेम चाळीस बाटल्या शिल्लक ठेवल्या होत्या. बारा बाटल्यांची लेबलं पीटर ब्लेकनं केली, म्हणजे बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'च्या मुखपृष्ठाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तो चित्रकार. आणखी बारांची लेबलं व्हालेरिओ अदामी या इटालियन चित्रकारानं केली. चौदा बाटल्या कंपनीच्या 'फाइन अँड रेअर' मालिकेत गेल्या. एका बाटलीवर मायकेल डिलन या आयरिश चित्रकारानं थेट काचेवर चित्र रंगवलं. 2023 मध्ये विकली गेली ती अदामीची.

मे 2018 मध्ये हाँगकाँगला बॉनहॅम्स या लिलावघरानं यातल्या दोन बाटल्या विकल्या, त्या प्रत्येकी साडेसात-आठ लाख पौंडांच्या आसपास गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात एडिंबरोमध्ये अदामीच्या बाटलीला 8 लाख 48 हजार 750 पौंड आले. नोव्हेंबरात ख्रिस्तीजकडे डिलनच्या बाटलीनं बारा लाखांची मजल मारली. पुढच्या वर्षी सदबीजकडे 'फाइन अँड रेअर'मधली एक साडेचौदा लाखांना गेली. म्हणजे दीड वर्षात भाव जवळजवळ दुप्पट, आणि माल तोच! पिंपातून बाहेर पडल्यावर त्या द्रवात काहीही बदललेलं नव्हतं.

इथेच व्हिस्कीचा संग्रह वाइनच्या संग्रहापासून वेगळा होतो. वाइन बाटलीतही जगत असते, पिकते, कधी नासते. तिला आडवं ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं. व्हिस्कीचं वय मात्र पिंपात असेपर्यंतच वाढतं. बारा वर्षांची व्हिस्की बाटलीत भरून पन्नास वर्षं कपाटात ठेवली तरी ती बारा वर्षांचीच. ती उभीच ठेवायची, कारण एवढ्या तीव्र मद्यानं बूच खराब होतं. तेव्हा जुनी बाटली घेणारा माणूस चव सुधारेल म्हणून थांबलेला नसतो. तो थांबतो ते इतरांनी आपापल्या बाटल्या उघडून संपवाव्यात म्हणून. त्या चाळीसांतली एक 2011 च्या जपानमधल्या भूकंपात फुटली असं सांगतात, आणि एक कुणीतरी उघडून प्यायली असंही. या दोन्ही बातम्यांनी उरलेल्या बाटल्यांच्या मालकांना दुःख झालं असेल असं मला वाटत नाही.

या व्यवहाराची सगळी गंमत आणि सगळी गोची एकाच गोष्टीत आहे. आत काय आहे हे कळायचं तर बाटली उघडावी लागते, आणि उघडली की तिची किंमत संपते. म्हणून इथं विकला जातो तो विश्वास. अदामीच्या बाटलीचं बूच लिलावाआधी डिस्टिलरीनं बदललं, लेबलाचा सुटलेला गोंद नीट केला आणि त्या निमित्तानं आतला थेंबभर माल चाखून पाहिला. सदबीजच्या व्हिस्की विभागप्रमुखालाही एक थेंब मिळाला. खुद्द बनवणाऱ्यानं हात लावून 'हो, हे आमचंच' म्हटलं, याची त्या दिवशीच्या बोलीत मोठी किंमत असणार.

आता दुर्मिळता येते कुठून, ते पाहू. 1970 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये भरमसाट दारू गाळली गेली आणि मागणी घसरली. गोदामांत पिंपांचा असा साठा तुंबला की लोक त्याला व्हिस्कीचं तळंच म्हणू लागले. 1983 मध्ये कंपन्यांनी एकामागून एक डिस्टिलऱ्यांना टाळं लावलं. आयला बेटावरची पोर्ट एलन आणि उत्तरेकडची ब्रोरा त्याच वर्षी बंद पडल्या. रोझबँकची पाळी आली 1993 मध्ये. त्या काळी या नावांसाठी कुणी रडलं नाही. त्यांचा बराच माल मिश्रणाच्या व्हिस्कीत ओतण्यासाठीच होता. पण पिंपं उरली होती. वर्षं गेली, त्यांतून थोड्या थोड्या बाटल्या निघाल्या, आणि पिणाऱ्यांच्या लक्षात आलं की आता हे पुन्हा होणार नाही. मग भाव चढले. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही म्हणून कारखाना बंद केला, तोच माल कारखाना बंद झाल्यामुळे सोन्याच्या मोलाचा झाला. यातला विनोद स्कॉटिश लोकांना कळलेला आहे, पण ते फार बोलत नाहीत.

जपानची गोष्ट याहून नाट्यमय आहे. सैतामा प्रांतातली हान्यू डिस्टिलरी 2000 साली बंद पडली, पुढे पाडली गेली. मालकाच्या घरातला तरुण, इचिरो अकुतो, यानं उरलेली सुमारे चारशे पिंपं वाचवली आणि 2005 ते 2014 दरम्यान त्यांतून पत्त्यांच्या जोडाप्रमाणे चोपन्न बाटल्यांची मालिका काढली. बावन्न पानं आणि दोन जोकर. बारमध्ये गिऱ्हाइकाला अवघड नावापेक्षा इस्पिकचा एक्का चटकन आठवेल, इतका साधा विचार त्यामागे होता. त्या पानांनी संग्राहकांना जुगाऱ्यासारखं वेड लावलं, कारण एक पान हाती आलं की त्रेपन्न कमी असतात. संपूर्ण जोड 2019 मध्ये हाँगकाँगला बॉनहॅम्सकडे सुमारे 72 लाख हाँगकाँग डॉलरला गेला. दुसरा एक पूर्ण जोड पुढच्याच वर्षी 1 कोटी 18 लाखांवर पोचला. त्याच 2020 च्या ऑगस्टमध्ये यामाझाकीच्या पंचावन्न वर्षांच्या एका बाटलीला 62 लाख हाँगकाँग डॉलर आले.

पैशाची ही लाट यायच्या कितीतरी आधी खरे शौकीन भेटतात ते इटलीत. 1960-70 च्या दशकांत स्कॉटलंडबाहेर सिंगल माल्टला खरी कदर इटलीनं दिली. पाच वर्षांची कोवळी ग्लेन ग्रँट तिथं घरोघरी होती. एदोआर्दो जाक्कोने, सिल्व्हानो सामारोली ही नावं जुन्या बाटल्यांच्या जगात आजही आदरानं घेतली जातात. पण माझ्या मनात घर करून राहिले ते व्हालेंतिनो झागात्ती. महायुद्धातला न फुटलेला सुरुंग फुटून अकराव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढं त्यांनी काही हजार बाटल्या जमवल्या आणि हात फिरवून ते त्या ओळखत. ज्या बाजारात लेबलाला लाखो पौंड पडतात, त्यातला एक फार मोठा संग्राहक लेबल पाहूच शकत नव्हता. उतारवयात त्यांनी सगळा संग्रह नेदरलँड्समधल्या एका कंपनीला दिला तो एकत्र राहावा म्हणून. लिलावात तुकड्या-तुकड्यांनी विकला असता तर कदाचित जास्त पैसे आले असते.

विश्वास विकायला ठेवला की खोटा माल आलाच. 2017 मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमधल्या एका हॉटेलात एका चिनी कादंबरीकारानं मॅकॅलन 1878 चा दोन सेंटिलिटरचा पेग मागवला. आपल्या छोट्या पेगहूनही कमी. बिल झालं 9,999 स्विस फ्रँक. फोटो जगभर गेले, आणि ते पाहून जाणकारांनी बूच नि लेबलाबद्दल शंका घेतली. हॉटेलनं नमुना स्कॉटलंडला पाठवला. ऑक्सफर्डच्या कार्बन चाचणीत निघालं की दारू बहुधा 1970 ते 1972 मधली आहे. शिवाय सिंगल माल्टही नाही, धान्याची व्हिस्की मिसळलेली आहे. इथं हॉटेलचं मात्र कौतुक करायला हवं. व्यवस्थापकानं स्वतः चीनला जाऊन त्या लेखकाला पैसे परत केले.

ही चाचणी कशी चालते ते विलक्षण आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत महासत्तांनी उघड्या हवेत अणुबाँब फोडले. त्यामुळे वातावरणातलं कार्बन-14 जवळजवळ दुप्पट झालं, आणि 1963 च्या बंदी करारानंतर हळूहळू उतरू लागलं. जव शेतात वाढताना त्या वर्षीची हवा पोटात घेतो. त्या जवाची दारू झाली तरी तो ठसा पुसला जात नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकातली म्हणवणाऱ्या बाटलीत बाँबचा कार्बन सापडला की खटला तिथंच संपतो. 2018 मध्ये ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइडमधल्या विद्यापीठ केंद्रात पंचावन्न जुन्या बाटल्या तपासल्या. त्यांतल्या एकवीस खोट्या निघाल्या किंवा लेबलावरच्या सालाच्या नव्हत्या. 1885 ची म्हणून मिरवणारी आर्डबेगही त्यांत होती.

क्वचित विज्ञान उलटा कौलही देतं. 2021 मध्ये अमेरिकेत स्किनर या लिलावघराकडं 'ओल्ड इंगलड्यू' नावाची एक बाटली आली. बँकर जे. पी. मॉर्गनच्या तळघरातली. मागच्या चिठ्ठीवर म्हटलं होतं की ही बहुधा 1865 पूर्वीची. सुई बुचातून घालून थोडा नमुना काढला, तर कार्बननं 1763 ते 1803 हा काळ सांगितला. ती 1 लाख 37 हजार 500 डॉलरला न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयानंच घेतली.

बनावट करणाऱ्यांची रीत आपल्याला मुळीच परकी नाही. मुंबईत उत्पादन शुल्क खात्याच्या धाडीत नामवंत स्कॉचच्या अस्सल रिकाम्या बाटल्यांत हलका माल भरताना माणसं वरचेवर सापडतात. म्हणूनच जाणते लोक संपलेली बाटली भंगारात देण्याआधी लेबल फाडतात. युरोपात तोच धंदा फक्त जास्त शून्यांचा आहे. तिथंही जुन्या रिकाम्या बाटल्या चांगल्या भावानं विकल्या जातात, आणि घेणारे सगळेच फुलदाणी करत असतील असं मानायला मी तयार नाही.

काही बाटल्यांना चवीपेक्षा कहाणीचं मोल असतं. 1941 मध्ये 'पॉलिटिशियन' नावाचं जहाज व्हिस्कीची हजारो खोकी घेऊन निघालं आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेला एरिस्के बेटाजवळ खडकावर बसलं. बेटकऱ्यांनी जमेल तेवढा माल रातोरात लांबवला. कॉम्प्टन मॅकेन्झीच्या 'व्हिस्की गॅलोर' या कादंबरीला विषय मिळाला तो इथं. 1987 मध्ये त्या भग्न जहाजात आणखी आठ बाटल्या सापडल्या आणि लिलावात चार हजार पौंडांना गेल्या. अंटार्क्टिकात ध्रुवप्रवासी शॅकलटनच्या 1907 सालच्या मोहिमेच्या झोपडीखाली बर्फात सापडलेली मॅकिन्ले व्हिस्की मात्र लिलावात कधी आलीच नाही. नमुना घेण्यासाठी तीन बाटल्या 2011 मध्ये न्यूझीलंडहून स्कॉटलंडला नेल्या, त्या विजय मल्ल्यांच्या खासगी विमानातून, कारण मॅकिन्लेचं नाव जिच्याकडे होतं ती व्हाइट अँड मॅके कंपनी तेव्हा त्यांच्या समूहाची होती. अभ्यास झाल्यावर त्या बाटल्या परत बर्फात ठेवण्यात आल्या.

भारतीय बाटलीलाही आता या दुनियेत जागा आहे, पण वेगळ्या कारणानं. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीच्या जगदाळे कुटुंबाचं आडनाव मराठी कानाला ओळखीचं. 2004 मध्ये त्यांनी आपला सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवला, आणि पुढं व्हिस्की समीक्षक जिम मरेच्या 'व्हिस्की बायबल'नं त्यांच्या 'फ्यूजन'ला जगात तिसरा क्रमांक दिला. बंगळुरूच्या उष्म्यात देवदूत वर्षाला दहा-बारा टक्के पितात, म्हणून त्यांच्या जास्त वयाच्या व्हिस्कीचं नावच 'ग्रीडी एंजल्स'. गोव्यात कुंकळ्ळीच्या पॉल जॉनचंही तेच. इथं साठ वर्षांचं पिंप कधी निघणार नाही. त्याआधीच ते कोरडं पडेल. म्हणून स्कॉटलंडच्या वयाच्या शर्यतीत आपण कधी नसू. वय हेच मूल्य मानणाऱ्या या बाजाराला दिलेला तो चांगला टोला आहे असं मला वाटतं.

महाराष्ट्रात असा संग्रह करायचा तर आधी परवाना लागतो, कारण 1949 चा दारूबंदी कायदा नाव बदलून आजही आहे. हार्ड लिकरसाठी वय पंचवीस हवं. आणि जमवलेली बाटली परवान्याशिवाय दुसऱ्याला विकता येत नाही. म्हणजे घेणं जमेल, पण वाढलेला भाव वसूल करण्याची वाट इथं नाही. परदेशातल्या लिलावात जिंकलेली बाटली आणायची तर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क होतं. जुलै 2025 मध्ये सह्या झालेल्या भारत-ब्रिटन करारात ते आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. आजही प्रवासी येताना दोन लिटर करमुक्त आणतात, त्यावरच बहुतेक मराठी घरांतला 'संग्रह' उभा आहे. संख्येनं पाहिलं तर स्कॉचच्या सर्वाधिक बाटल्या आपण घेतो, 2024 मध्ये 19 कोटींहून अधिक. त्या घेतो त्या पिण्यासाठी.

बाजार गेली काही वर्षं उतरला आहे. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या चैनीच्या वस्तूंच्या निर्देशांकात 2023 अखेरपर्यंतच्या दहा वर्षांत दुर्मिळ व्हिस्कीचे भाव 280 टक्के चढलेले दिसले, पण 2023 या एका वर्षात 9 टक्के घसरण होती. विक्रमी अदामी त्याच 2023 मधली, हे लक्षात घ्यावं: शिखरावरची एक बाटली वर जात असताना मधल्या फळीतल्या हजारो बाटल्या खाली येत होत्या. बाटलीऐवजी अख्खं पिंपच गुंतवणूक म्हणून विकणाऱ्यांचा ब्रिटनमध्ये सुळसुळाट झाला, एकच पिंप अनेकांना विकल्याची प्रकरणं उघडकीला आली आणि पोलीस चौकशा लागल्या. निवृत्तीचे पैसे त्यात घातलेली माणसं आहेत.

दरम्यान ब्रोरा 2021 मध्ये, रोझबँक त्यानंतर आणि पोर्ट एलन मार्च 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. कायद्यानं स्कॉच म्हणवायला तीन वर्षं ओकच्या पिंपात पुरतात, पण त्या नावाला साजेसं वय यायला बारा-पंधरा तरी लागतील. जुन्या बाटल्या जपून ठेवणाऱ्यांना तेव्हा पहिल्यांदाच त्याच नावाच्या, त्याच गावच्या, पिण्याजोग्या किमतीच्या व्हिस्कीशी सामना करावा लागेल.