रेमोची घरची कॅसेट आणि उजनीकाठच्या मामांचा प्रश्न

गेल्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेले अडखळे तेवढे काढलेत, बाकी तसंच आहे.

करमाळा तालुक्यातून, उजनीच्या फुगवट्याला लागून असलेल्या एका गावातून, एका मामांचा व्हॉइस मेसेज आला. त्यांचा भाचा गिटारवर स्वतःची गाणी करतो. जुनं गाव धरणात गेलं त्यावर, केळीच्या बागेत राबणाऱ्यांवर. "रॉक का काय म्हणत्यात तसलं," असं मामा म्हणाले. आणि मग खरा प्रश्न: "त्याला पुण्याला धाडावं का? हितं बसून काय व्हनार हाय का त्याचं?"

हो किंवा नाही असं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक माणूस आहे, ज्याच्या सुरुवातीच्या वर्षांत या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सापडतं. गोव्याचा रेमो फर्नांडिस.

आधी शब्दाचं बघू. 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणजे नेमका कुठला सूर, हे जाणकारही एका वाक्यात सांगत नाहीत. हा शब्द मुळात वाटेबद्दलचा आहे. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या रस्त्यानं न जाता, आडवाटेनं केलेलं रॉक संगीत. या अर्थानं आपल्या बाजूला रेमोइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

रेमोचा जन्म 1953 चा, पणजीचा. घराणं शिवोलीचं. गोवा मुक्त झाला तेव्हा पोरगं आठ वर्षांचं. पुढे मुंबईत जे. जे. मध्ये वास्तुरचना शिकला, तिथंच 'सॅव्हेजेस' नावाच्या रॉक बँडमध्ये वाजवलं. नंतर युरोप आणि उत्तर आफ्रिकेत गिटार घेऊन भटकला. आणि मग, बघा हं, परत गावी आला. रॉक करायचं तर मुंबईत राहायचं, असाच तेव्हाचा हिशोब होता.

1984 मध्ये 'गोवन क्रेझी' हा अल्बम आला. घरात ध्वनिमुद्रित केलेला. वाद्यं त्याचीच, आवाज त्याचेच. हे जमलं कसं, ते जरा सावकाश सांगतो, कारण भाच्याच्या कामाचं आहे.

साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात. दोन एका बाजूचे, दोन उलटवल्यावर लागणारे. घरगुती चार-ट्रॅक यंत्र हे चारही पट्टे एकाच दिशेनं वापरतं. पहिल्यावर ढोल, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर बेस भरायचा. मग हे तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, की पहिले तीन परत मोकळे! त्यावर गाणं, कोरस, बासरी. गोम एवढीच, की दर वेळी उतरवताना फितीची खरखर वाढते, आणि एकदा एकत्र केलेलं पुन्हा वेगळं होत नाही. ढोल मोठा झाला तर झाला. म्हणजे आधी डोक्यात सगळं गाणं पक्कं पाहिजे. आज भाच्याच्या मोबाईलवरच्या फुकट अ‍ॅपमध्ये याच्या कितीतरी पट सोय आहे, आणि बहुतेक म्हणूनच गाणी अर्धवट पडून राहतात. (हे मी माझ्याच फोनकडे बघून बोलतोय.)

पण मुद्रण हा सोपा भाग. खरं काम पुढे होतं. रेमो स्कूटरवर कॅसेटी घेऊन गोवाभर दुकानोदुकानी फिरला. हा माणूस आपल्या गाण्यांचा कवी, वादक, मुद्रक आणि फेरीवाला, सगळं एकच. गाणी गोव्याबद्दलची, ऐकणारे गोव्याचे. दुसऱ्याच वर्षी 'ओल्ड गोवन गोल्ड', मग 1986 ला अमली पदार्थांविरुद्धचं 'पॅक दॅट स्मॅक', 1987 ला 'बॉम्बे सिटी'. राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांच्यासमोर त्यानं त्यांनाच उद्देशून लिहिलेलं गाणं म्हटलं, त्यावरून गोव्यात टीका झाली. पंतप्रधानांनी मात्र गाणं आवडल्याचं कळवलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 'जलवा', 'बॉम्बे'मधलं हिंदी 'हम्मा हम्मा', 'प्यार तो होना ही था', 2007 ला पद्मश्री. हे सगळं मोठं आहे, पण मामांच्या प्रश्नापुरतं त्यात काही नाही. सिनेमा आला तो आधी केलेल्या कामामागून आला.

आता दुसरी बाजू, नाहीतर मी फसवतोय असं होईल. रेमोकडे वास्तुरचनेची पदवी होती, इंग्रजी होतं. गोव्यात गाण्याबजावण्याची जुनी रीत होती, घरात गिटार दिसली तर कुणी भुवई उंचावत नव्हतं. शिवाय पर्यटक. आपल्या काठावर भिगवणकडं रोहित बघायला माणसं येतात, पण ती कॅसेट मागत नाहीत.

मात्र एक गोष्ट आपल्याकडेही आहे. धरण 1980 ला पुरं झालं, पाणी साठतं 117 टीएमसी, आणि त्याखालच्या गावांची माणसं पुनर्वसनात कुठं कुठं पांगली. दुष्काळात पाणी हटलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, तेव्हा लांबून लांबून लोक येतात आणि वाळलेल्या गाळात आपलं घर कुठं होतं ते पोरांना दाखवतात. त्या भाच्याचं गाणं ऐकणारे तेच. ते पुण्यातल्या एखाद्या कॅफेत बसलेले नाहीत. त्यांच्या फोनपर्यंत गाणं कसं पोचवायचं, ही आजची स्कूटर.

तर मामा, शिकायला पुण्याला जरूर धाडा. गिटार, ध्वनिमुद्रण, जे शिकायचं ते शिकू द्या. पण गाणी इथंच पुरी करायला सांगा, आणि निदान चार गाणी पुरी झाल्याशिवाय कुठल्या कंपनीचं दार वाजवू देऊ नका. पाण्यात गेलेल्या गावावरचं गाणं आम्हाला पाठवा. फोनवर म्हटलेलं चालेल, मागं मोटारीचा आवाज आला तरी चालेल. पुढच्या भागात लावतो.